सोमवार की मंगळवार

हिंगोलीहून नांदेडला जाणाऱ्या संध्याकाळच्या लाल गाडीवर मी सलग वीस वर्षं कंडक्टर होतो. कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, मग नांदेड. ज्या हिवाळ्याचं सांगतोय तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. नव्वदचं दशक अर्धं सरत आलं होतं. मी तिशीतला, घरात आई, बायको, दोन पोरी, आणि शेतीचा एक तुकडाही नाही.

त्या हिवाळ्यात मी नुकताच कामावर परत आलो होतो. दोन महिने मला घरी बसवलं होतं. एका म्हातारीची कोंबड्यांची पाटी मी मागच्या सीटखाली ठेवू दिली होती आणि गाडीतल्या एका साहेबमाणसानं डेपोत लेखी तक्रार केली होती. परत घेताना डेपोच्या साहेबांनी मला टेबलासमोर उभं करून सांगितलं, "पुन्हा तुझ्या गाडीत जनावर दिसलं तर नोकरी विसर." मी मान डोलावली होती.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस झाले असतील. सूर्य बुडता बुडता बाळापूरला एक माणूस चढला. काटकुळा, चाळिशीचा, खांद्यावर काळी घोंगडी. घोंगडी एका बाजूला फुगलेली होती. मी तिकिटाला हात पुढं केला तर घोंगडीतून कोकराचं तोंड बाहेर आलं.

"उतर खाली," मी म्हणालो.

"मास्तर, दवाखान्यातून आणून राहिलो. पोट फुगलं व्हतं ह्याचं. आता तेल पाजलंय. पायी नेलं तर वाटंतच मरंल. वारंगा फाट्यापत्तुर येऊ द्या."

कोकरू खरंच मलूल होतं. मी पुढं पाहिलं, मागं पाहिलं. ओळखीचा साहेब कोणी दिसला नाही. मागची लांब सीट मोकळी होती. "जाय मागं. आन् तोंड झाकून ठेव त्याचं," मी म्हणालो. फाट्यावर तो उतरला, खालून हात जोडले आणि अंधारात गेला. मी डबल बेल दिली. एवढंच.

तीन-चार दिवसांनी गाडीत बोलणं कानावर आलं. कळमनुरीच्या अलीकडच्या एका खेड्यात एक मोठा शेतकरी मंगळवारी संध्याकाळी आपल्याच हरभऱ्यात डोक्यात कुऱ्हाड बसून मेला होता. दोन दिवस आधी त्याच्या शेतात मेंढरं शिरली म्हणून त्याचं एका मेंढपाळाशी भांडण झालं होतं, शिवीगाळ, अंगावर धावून जाणं, सगळं गावासमोर. भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी मेंढपाळ मेंढरं घेऊन वारंगा फाट्याच्या बाजूला निघून गेला होता. पोलिसांनी त्याला तिथून उचललं. मेलेल्याच्या पुतण्यानं सांगितलं की दिवस मावळताना घोंगडीवाला एक माणूस पळताना दिसला, तो हाच. मी ऐकलं, तिकिटं फाडली, पुढं सरकलो. त्या बोलण्याचा माझ्या गाडीतल्या कोकरवाल्याशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

ते आलं सहा महिन्यांनी. उन्हाळा होता. हिंगोलीच्या डेपोत एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. नऊवारी, कपाळावर मोठं गोंदण, पायात काही नाही. त्या मेंढपाळाची बायको. ती आठवडाभर डेपोत येत होती, एकेका कंडक्टरला विचारत होती.

"मास्तर, थंडीच्या दिसांत बाळापूरहून तुमच्या गाडीत एक मानूस बसला व्हता का? संगं कोकरू व्हतं. कंडक्टर मास्तरनंच मागं बसवलं म्हनून सांगत्यात माझे मालक."

मला ताबडतोब आठवलं. तो चेहरा, ती घोंगडी, कोकराचं ते तोंड. माझ्या तोंडून मात्र निघालं, "बघावं लागंल. लई दिस झाले."

"मंगळवार व्हता," ती म्हणाली. "त्याच वक्ताला तिकडं मर्डर झालाय म्हनत्यात. आमचे मालक तुमच्या गाडीत असतील तर तिकडं कसे असतील?"

मी तिला पाणी दिलं आणि दोन दिवसांनी यायला सांगितलं. मग डेपोतलं ड्युटीचं रजिस्टर काढून पाहिलं. त्या आठवड्यात मी सोमवारी आणि मंगळवारी त्या गाडीवर होतो, बुधवारी माझी सुट्टी, आणि कोकरू सुट्टीच्या आधीच्या एक-दोन दिवसांतलं एवढं मला पक्कं आठवत होतं. म्हणजे कोकरू सोमवारी होतं नाहीतर मंगळवारी. मनातून मला मंगळवार वाटत होता. सोमवारी कॉलेजची पोरं नांदेडला परत जातात, गाडी खच्चून भरते. मागची सीट मोकळी होती म्हणजे मंगळवारच असणार. पण एखाद्या सोमवारीही सीट मोकळी राहते. छातीवर हात ठेवून मला सांगता आलं नसतं.

डायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "मी पुढं पाहत असतो, मागं न्हाई. मला ह्याच्यात घालू नको."

मेंढपाळाला सरकारी खर्चानं वकील दिलेला होता. त्यानं मला कोर्टाच्या व्हरांड्यात भेटायला बोलावलं. तरुण होता, काळा कोट कोपरावर झिजलेला, बोलणं सरळ. मी सोमवार-मंगळवारचा घोळ सांगितला. तो नाराज होईल असं मला वाटलं होतं, पण त्याचा चेहरा उजळला.

"एवढंच सांगा," तो म्हणाला. "माणूस गाडीत होता, कोकरू होतं, सोमवार होता की मंगळवार ते पक्कं आठवत नाही, पण मंगळवार वाटतो. बास."

"पण मला खात्री न्हाई ना, वकीलसाहेब."

"तुम्हाला कुठं खात्री पाहिजे? खात्री सरकारला पाहिजे. याच माणसानं मारलं, दुसरी काही शक्यताच नाही, असं त्यांना सिद्ध करायचंय. आपल्याला फक्त न्यायाधीशांच्या मनात वाजवी शंका निर्माण करायची आहे. नुसती हवेतली नाही, कारण असलेली. तुमचं 'वाटतं' हे ते कारण आहे."

हे मला नवीन होतं. मी समजत होतो साक्षीदारानं पक्कं सांगायचं नाहीतर गप्प बसायचं. मी विचारलं, "कोकराचं सांगावंच लागंल का?"

"कोकरू नसेल तर तुम्हाला तो माणूस आठवलाच कसा, असं समोरचा विचारेल."

"म्हंजे लिहून घेतील. जनावर गाडीत घेतलं म्हनून."

माझं निलंबन त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्या खात्याचं मी काही सांगू शकत नाही. एक गोष्ट तेवढी सांगतो. जनावरांच्या दवाखान्यातला शिपाई मी शोधला होता. डॉक्टर रजेवर होते, त्या दिवशी तेल त्यानं पाजलं. त्याला तो अधिकार नाही, म्हणून नोंद केली नाही. आता म्हणतो, असा कोणी आलाच नाही. तुम्हीच राहिलात."

घरी जेवताना बायकोला सांगितलं. सगळं नाही. एका खटल्यात साक्षीला बोलावून राहिलेत, पण दिवस पक्का आठवत नाही, एवढंच. कोकराचं बोललो नाही. ती भाकरी थापत होती. "पक्कं आठवत न्हाई तर सांगता कसं?" ती म्हणाली. "उद्या खोटं निघालं तर?" तिनं साधं विचारलं होतं. मी ते परवानगीसारखं धरलं. पुढं कितीतरी वर्षं मी मनाशी म्हणत राहिलो की घरच्या माणसाचंही तेच मत होतं.

साक्षीच्या दिवशी मी इस्त्रीचा खाकी गणवेश घालून गेलो. मेंढपाळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. दीड वर्षाच्या जेलनं तो आणखी वाळला होता, घोंगडी नव्हती, अंगावर कोणाचा तरी मोठा सदरा. मला पाहिल्याबरोबर त्यानं ओळखीनं हात जोडले. फाट्यावर उतरताना जोडले होते तसेच. त्याच्या तोंडावर काळजी मिटल्याचा भाव होता. तो भाव मी विसरू शकलो नाही.

खरं सांगेन अशी शपथ मी घेतली. वकिलानं विचारलं, "आरोपीला तुम्ही यापूर्वी पाहिलं आहे का?"

"माझ्या गाडीत रोज दोन-अडीचशे माणसं चढतात, साहेब. सांगता येत नाही."

वकिलानं माझ्याकडे रोखून पाहिलं. "बाळापूरला एक माणूस कोकरू घेऊन चढला होता. आठवतं?"

"गाडीत जनावर घेत नाही. नियम आहे."

"म्हणजे असा प्रसंग घडलाच नाही?"

"माझ्या आठवणीत नाही."

टायपिस्टच्या मशीनचा आवाज थांबला. सरकारी वकील जागेवरूनच म्हणाले की त्यांना काही विचारायचं नाही. मी पिंजऱ्याकडे पाहायचं टाळत होतो, पण ऐकू आलं. मेंढपाळ शेजारच्या पोलिसाला हळू आवाजात सांगत होता, "साहेब, हेच हायेत ते. ह्यांच्या ध्यानात न्हाई आलं, पन हेच हायेत." त्याला गप्प राहायला सांगितलं गेलं.

त्याला जन्मठेप झाली. बायकोची साक्ष झाली होती की मालक मंगळवारी दिवेलागणीला कोकरू घेऊन मेंढरांत परत आले. ती बायको आहे, असंच म्हणणार, असं धरलं गेलं. औरंगाबादला अपील झालं, तेही गेलं. हे मला गाडीतच कळलं, कुणाच्या तरी बोलण्यातून. त्या दिवशी मी एका माणसाला चुकीच्या गावाचं तिकीट दिलं आणि त्याच्यावरच ओरडलो.

मेंढरं वर्षभरात विकली गेली. ती बाई बाळापूरच्या बाजूला दीराच्या घरी राहायला आली, हळदीच्या आणि कापसाच्या शेतांवर रोजानं जाऊ लागली. दोन-तीन महिन्यांतून एकदा ती नवऱ्याला भेटायला जेलला जायची. नांदेडहून पुढची गाडी पकडायची, म्हणून माझ्याच गाडीनं जायची. पहिल्यांदा ती चढलेली दिसली तेव्हा मी पुढच्या दाराजवळच थांबलो, पुढच्याच लोकांची तिकिटं फाडत राहिलो. शेवटी गेलो. ती शिव्या देईल, सगळ्या गाडीसमोर तळतळाट करील अशी तयारी ठेवून गेलो.

ती म्हणाली, "मास्तर, तुमाला उगी तकलीफ दिली तव्हा. कोर्टाची पायरी चढाया लावली. लई मानसं असत्यात तुमच्या गाडीत, कसं ध्यानात राहील?"

मी तिकीट दिलं. त्या वेळी सांगता आलं असतं. शेजारी दोन माणसं बसली होती, म्हणून नाही सांगितलं. पुढच्या वेळी शेजारी कोणी नव्हतं, तेव्हाही नाही सांगितलं. अशी सहा-सात वर्षं गेली. मधे हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला, डेपोत नवीन साहेब आले, ज्यांनी मला दम दिला होता ते केव्हाच बदलून गेले. आई वारली. मोठ्या पोरीचं लग्न झालं. माझं रेकॉर्ड स्वच्छ राहिलं.

मग एकदा ती गाडीत चढली तेव्हा तिच्या हातात औषधांची पिशवी होती. "त्यायला दमा लागलाय," ती म्हणाली. "तिथं ओल लई हाय म्हनत्यात." त्या आठवड्याच्या सुट्टीला मी वकिलाकडे गेलो.

तो आता तरुण राहिला नव्हता, केस पांढरे व्हायला लागले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. कोकरू होतं, माणूस तोच होता, नोकरीच्या भीतीनं मी खोटं बोललो. त्याला राग आला नाही. त्यानं मला बसायला सांगितलं, कपाटातून जुनी फाइल काढली आणि निकालाची इंग्रजी नक्कल समोर धरून एक भाग मला मराठीत सांगितला. आरोपी बसमध्ये असल्याचा बचाव कंडक्टरच्या साक्षीनं पूर्णपणे कोसळला आहे. कंडक्टर हा तटस्थ साक्षीदार आहे, त्याला खोटं बोलायचं काही कारण नाही. सबब गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध झाला आहे.

"तटस्थ," तो म्हणाला. "हा शब्द सरकारी वकिलानंही वापरला नव्हता."

"आता सांगतो ना मी. कुटं सांगायचं ते सांगा."

"सांगाल. पहिला प्रश्न येईल, शपथेवर तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय? त्याच्या बायकोला नेहमी गाडीतून नेता, तिनं काही दिलं का, असंही विचारतील. शंका आता तुमच्यावर घेतील." त्यानं फाइल मिटली. "आणि मी विचारतो तेही सांगा. मंगळवारच होता, अशी आज तुम्हाला खात्री आहे?"

"न्हाई," मी म्हणालो.

"तेव्हा एवढंच पुरलं असतं. आज नाही पुरणार."

तरी त्यानं माझ्याकडून एक प्रतिज्ञापत्र करून घेतलं, सोबत अर्ज लिहून कुठं कुठं पाठवला. त्याची फी घेतली नाही. मी वर्षभर उत्तराची वाट पाहिली. उत्तर आलं नाही. खात्याकडूनही कोणी विचारलं नाही. ज्या गोष्टीला मी इतका भ्यालो होतो ती कागदावर लिहून दिली, तरी कोणाला तिची दखल घ्यावीशी वाटली नाही.

चौदा वर्षं भरली तेव्हा त्याला सोडलं. ही बातमी तिनंच दिली, तिकीट घेताना, हसून. मी पंधरा दिवस जाऊ की नको करत होतो. शेवटी एका दुपारी गेलो. दीराच्या घराच्या मागं पत्र्याची खोली होती. तो दारात वाकळ टाकून बसला होता, श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. पन्नाशीचा माणूस सत्तरीचा दिसत होता. मी कोण ते त्यानं ओळखलं नाही. बायकोनं सांगितलं, "कंडक्टर मास्तर हायेत, बाळापूरच्या गाडीवाले."

"बसा," तो म्हणाला. "चा टाक गं."

मी बसलो आणि बोलायला लागलो. इतकी वर्षं मनात घोकलेलं बोलणं तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आलं. मला आठवत होतं. मी मुद्दाम न्हाई म्हणालो. नोकरीपायी. ती चुलीजवळ उकिडवी बसली होती. ती उठली नाही, वळलीही नाही. फक्त चुलीत काडी सारायची थांबली.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. दम लागला होता म्हणून उत्तर द्यायला त्याला वेळ लागला.

"मला पन आता आठवत न्हाई, मास्तर," तो म्हणाला.

"काय?"

"दिवस. सोमवार व्हता का मंगळवार. पयले पयले पक्का व्हता. पोलिसाला सांगितला, वकिलाला सांगितला, जजसाहेबाला सांगितला. इतक्या डाव सांगितला की कोकरू घेऊन गाडीत बसल्यालं मलाच दुसऱ्या कुनाचं वाटाया लागलं. आत सारे विचारत्यात, काहून केलं? पयले म्या न्हाई म्हनायचो. मंग व्हय म्हनाया लागलो. व्हय म्हनलं की लोक विचारत न्हाईत."

"पन तुमी केलं न्हाई," मी म्हणालो. मला वाटतं मी ते विचारलंच होतं.

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्या नजरेत होकार होता की नकार ते मला कळलं नाही. मग त्याला खोकल्याची उबळ आली आणि ती आतून पाणी घेऊन आली. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. चुलीवरचं पातेलं तसंच उकळत राहिलं, त्यातला चहा कोणी गाळला नाही. थोड्या वेळानं मी उठून आलो.

त्या शेतकऱ्याला खरं कोणी मारलं ते मला माहीत नाही. यानं मारलं नाही, हेही मी शपथेवर सांगू शकत नाही. पण न सांगता येणं हेच तेव्हा माझ्याकडचं एकमेव खरं होतं, आणि कोर्टाला तेवढंच हवं होतं. वकिलानं व्हरांड्यात उभं राहून मला ते नीट समजावलं होतं. मला समजलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी तो वारला. दहाव्याला मी गेलो. ओढ्याच्या काठावर वीस-पंचवीस माणसं जमली होती, बाया लांब बसल्या होत्या. मी गर्दीच्या मागच्या टोकाला उभा राहिलो. शेजारी गावातला एक उतारवयाचा शेतकरी उभा होता. त्यानं मला तंबाखू पुढं केली आणि विचारलं, "तुमी त्यायचे कोन?"

"ओळखीचा," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. "मानूस सोभावानं लई गरीब व्हता," तो म्हणाला. "मर्डर कसा काय केला त्यानं, आमाला आजूक नवल वाटतं."

मी त्याच्याकडे पाहिलं, मग ओढ्याकडे. विधी आटोपल्यावर लोक पांगले. फाट्याकडे निघालेली एक जीप मिळाली, तिच्यात मागं उभा राहून मी परत आलो.